ओसरतं, पण ओसरवता येत नाही

मराठी माणसाचं दुखणं नुसतं जात नाही, रीतसर जातं. ताप असेल तर तो उतरतो. सूज ओसरते. ठणका थांबतो, आग निवते, कफ सुटतो, पुरळ मावळतं, गाठ विरते, गळू एक तर फुटतं नाही तर बसतं, आणि पोटातला वात सरतो, ज्याची वाच्यता चारचौघांत करत नाहीत. ही कामं एकमेकांना वाटून देता येत नाहीत. 'ताप मावळला' असं कुणी म्हणालं तर ऐकणारा क्षणभर थांबेल, आणि हा गृहस्थ किती वर्षं महाराष्ट्राबाहेर होता याचा मनातल्या मनात हिशेब करील.

घरात कुणी आजारी असलं की समाचाराला येणाऱ्या बायका एवढ्यावरून सगळी केस ओळखत. तापाचा जोर ओसरलाय म्हणजे ताप आहे, पण रात्र बरी गेली. ताप उतरलाय म्हणजे घाम आला, चादर बदलली, मऊ भात चालेल. ताप निघालाय म्हणजे सोमवारपासून शाळा, आणि लाड आजपासून बंद. हल्ली या सगळ्यावर एकच उत्तर मिळतं: 'कमी आहे.' ताप कमी आहे, सूज कमी आहे, खोकलाही कमी आहे. 'कमी' हा शब्द फारसीतून आला आणि शेकडो वर्षं इथे राहून घरचा झाला. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की तो एकटाच सगळ्यांची कामं करायला लागलाय, आणि 'करणे' हा त्याचा जोडीदार तर त्याहून उत्साही. वजन कमी करा, ताण कमी करा, केसगळती कमी करा, राग कमी करा. सगळं आपल्या हातात आहे असं या फलकांचं ठाम मत असतं. मराठीचं मत तसं नाही. तिच्या मते काही गोष्टी आपण कमी करतो आणि काही आपल्याला न विचारता कमी होतात, आणि या दोन्हींची तिनं फार पूर्वीच वाटणी करून ठेवली आहे.

बधिर होण्यापासून सुरुवात करू, कारण तिथे निदान दुखत नाही. बधिर हा संस्कृतात कानाचा शब्द. आपला बहिरा त्यातूनच आला. मराठीत तो कानावरून खाली सरकत हिरडीपर्यंत आणि बोटांपर्यंत पोचला. जो हाकेला ओ देत नाही तो अवयव बधिर, हे पटण्यासारखं आहे. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवं झाल्यावर याचा शास्त्रशुद्ध अनुभव घेता येतो. 'जागा बधिर करतो' असं म्हणून ते सुई टोचतात. त्यातलं औषध बहुधा लिग्नोकेन असतं, स्वीडनमधल्या निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली तयार केलेलं. मज्जातंतूंत सोडियमला शिरायच्या ज्या वाटा असतात त्या ते बुजवतं, त्यामुळे दुखण्याचा निरोप पुढे सरकतच नाही. गंमत अशी, की वेदना कळवणारे तंतू बारीक असतात, ते लवकर गप्प बसतात. दाब कळवणारे तंतू जाड, ते बराच वेळ कुरकुरत राहतात. म्हणून दाढ उपटताना डॉक्टर सांगतात, 'दुखणार नाही, फक्त दाब जाणवेल.' हे वाक्य ऐकलं की मला नेहमी सरकारी खुलासे आठवतात. दाढेखाली पू झाला असेल तर मात्र हेच औषध नीट चढत नाही; तिथली आम्लता त्याला तंतूंच्या आत जाऊ देत नाही. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त दुखतं, तिथेच बधिर करायला सगळ्यात अवघड. याला अन्याय म्हणायचं की रसायनशास्त्र, हे त्या खुर्चीत ठरवता येत नाही, कारण तोंड उघडं असतं.

मोठ्या शस्त्रक्रियेला हे पुरत नाही, तिथे भूल लागते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या रुग्णालयात विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून रोग्याला गुंगवलं, आणि मानेवरची गाठ कापताना तो ओरडला नाही, म्हणून जमलेले डॉक्टर थक्क झाले. पुढे ही विद्या आपल्याकडे आली तेव्हा मराठीनं तिच्यासाठी निद्रा घेतली नाही, बेशुद्धीही घेतली नाही, भूल घेतली. जी रानात वाट चुकलेल्याला पडते, रूपानं पडते, वेळप्रसंगी हडळ घालते, ती भूल. आता ती पांढऱ्या कोटातले लोक मोजूनमापून देतात, ती चढते, आणि काम झालं की उतरते. निवड मोठी रसिक आहे. अडचण एकच. भूल म्हणजे चूकही, आणि दुकानाच्या बिलाखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' असं छापायची आपल्याकडे पद्धत आहे. भूलतज्ज्ञांनी आपल्या बिलाखाली ते छापू नये एवढीच नम्र विनंती.

बिनखर्चाचं बधिर होणं घरोघर असतं. सत्यनारायणाच्या पूजेला मांडी घालून बसलेल्या यजमानांना पाचव्या अध्यायापर्यंत पाय आहेत की नाहीत हेच कळेनासं होतं. पायाखाली दबलेला मज्जातंतू बोलायचा थांबलेला असतो. आरतीला उठलं की तो एकदम बोलायला लागतो आणि पायाला मुंग्या येतात. काहीच कळत नाही या अवस्थेतून बाहेर पडताना मराठी माणसाला मुंग्या भेटतात, हे मला फार अचूक वाटतं. ज्यानं कुणी पहिल्यांदा म्हटलं, त्यानं नक्की मुंग्यांच्या वारुळावर पाय दिला असणार. घाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात. कैरीवर तिखटमीठ लावून पाचसहा फोडी खाल्ल्या की दात आंबतात. आंबतं ते खरं तर इडलीचं पीठ, पण दातांची ती विचित्र अवस्था, दुखत नाही पण भाकरीसुद्धा चावत नाही, तिला दुसरं नाव देऊन दाखवा. रात्रभर एसटीत बसून सकाळी उतरलेल्या माणसाचं तर सगळं अंगच आंबून जातं.

सुन्न हा प्रकार याहून निराळा. हिंदीत पाय सुन्न होतो, मराठीत माणूस होतो. बातमी ऐकून मन सुन्न झालं म्हणतात. हातापायांना आपण बधिर देऊन ठेवलाय. हल्ली मालिकांच्या मराठीत पायही सुन्न व्हायला लागलेत. होऊ देत. पण मग खरोखर वाईट बातमी आली की मनानं काय व्हायचं, हा प्रश्न राहतो.

माणसाच्या हातात काय आहे हे पाहायचं तर स्वयंपाकघरात जावं. तिथलं क्रियापद मवाळ नाही. तिथे मारतात. कारल्याचा कडूपणा मीठ चोळून मारतात, आमटीचा आंबटपणा गुळानं मारतात, सुरणाची आणि अळूची खाज चिंचेनं किंवा आमसुलानं मारतात. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात, ते घशाला टोचतात; ज्या बाईनं पहिल्यांदा त्यात चिंच घातली तिनं स्फटिक पाहिले नव्हते, पण घरातल्यांचे घसे पाहिले होते. इथवर ठीक. घोटाळा वासाचा होतो. 'मासे वास मारतायत' म्हणजे वास येतोय, आणि 'माशांचा वास मारायला लिंबू लाव' म्हणजे वास घालवायचाय. पहिल्या वाक्यात मारणारे मासे, दुसऱ्यात आपण. परदेशात वाढलेल्या भाच्याला हे समजावताना आमच्या वहिनीनं शेवटी हात टेकले आणि पापलेटच आणायचं बंद केलं.

भुकेचंही तसंच. भूक भागते, भूक मंदावते आणि भूक मरते, या तीन निरनिराळ्या घटना आहेत. जेवल्यावर भागते. वय झालं, औषधं सुरू झाली की मंदावते. आणि पंगतीला पाऊण तास अवकाश असताना कुणी चिवड्याची बशी पुढे केली की मरते, म्हणून आया पोरांच्या हातावर चापट मारत: 'भूक मरेल!' तहान मात्र मरत नाही, ती फक्त भागते. पाण्यावर आपला विश्वास जास्त असावा.

शेगडीपाशी आणखी एक शब्द राहतो, बारीक. गॅस बारीक कर, टीव्हीचा आवाज बारीक कर, पंखा बारीक कर. हा कंदिलाच्या दिवसांतला असणार, वात खाली घेऊन ज्योत बारीक करायच्या काळातला. कंदील गेला, वात गेली, तरी सूनबाई रिमोटनं आवाज 'बारीक' करते. याला म्हणतात भाषेचं काम. त्याऐवजी 'सिमवर ठेव' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्याकडचा भात नेहमी चांगला झालेला असतो.

आता उतरणे आणि उतरवणे. व्याकरणवाले दुसऱ्याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. पहिल्यात गोष्ट आपली आपण होते, दुसऱ्यात ती कुणीतरी करायला लावतं. ताप उतरतो, भूत उतरतं, नशा उतरते, चेहराही उतरतो. उतरवायचं म्हटलं तर दृष्ट उतरवता येते, भूत उतरवता येतं असं म्हणणारे भेटतात, आणि गावोगावी विंचू उतरवणारे होते. विंचू चावतो तेव्हा विष चढतं. चढतं म्हणून ते उतरवायचं. एकनाथांच्या भारुडातला विंचू काम-क्रोधाचा आहे आणि त्याचा उतारा सत्त्वगुणाचा. कोकणातल्या तांबड्या विंचवाला मात्र सत्त्वगुण पुरत नसे. त्याच्या विषानं शरीरातली सगळी आणीबाणीची यंत्रणा एकदम पेटते, रक्तदाब भडकतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं, आणि माणूस, बहुतेक वेळा लहान मूल, जातं. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणं रोग्यांच्या उशाशी बसून टिपली, १९८२मध्ये त्यांचं लेखन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि पुढे त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध या विषावर वापरून असंख्य रोगी वाचवले. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका अर्थी त्यांनीही विंचू उतरवलाच. फरक एवढा, की कसा उतरला हे ते लिहून ठेवत गेले.

उतारा म्हणजे विषावरचं औषध, उतारा म्हणजे दृष्ट काढून तिठ्यावर टाकतात ते, आणि उतारा म्हणजे सातबाराचा. यातला तिसरा हा असा एकच उतारा आहे जो मिळवताना माणसाचं बीपी चढतं.

उतरणे, विझणे, शमणे, भागणे, आटणे, जिरणे या सगळ्यांना प्रयोजक जोडीदार आहे: उतरवणे, विझवणे, शमवणे, भागवणे, आटवणे, जिरवणे. आग विझते आणि विझवताही येते. दूध आटतं आणि आटवताही येतं, मात्र ढवळत उभं राहावं लागतं. पित्त कोकमाच्या सारानं शमवता येतं. पण ओसरणे घ्या. मावळणे घ्या. निवळणे घ्या, मंदावणे घ्या. कोशाच्या कोपऱ्यात यांची प्रयोजक रूपं धुंडाळून काढता येतीलही, पण तोंडात ती नाहीत. मी पाऊस ओसरवला, मी आशा मावळवली, मी नदी मंदावली असं कुणी बोलत नाही. आज्ञार्थही नाही. 'ओसर!' असं कुणी कुणाला म्हणत नाही. इंग्रजी बडबडगीतात पोरं पावसाला चक्क जा म्हणतात, परत कधीतरी ये म्हणतात. आपली पोरं त्याला पैशाची लाच देऊन बोलावतात, आणि तो पैसाही खोटा निघतो. त्याला घालवायचं गीत आपल्याकडे ऐकिवात नाही. कोरडवाहू शेतीच्या मुलुखातल्या पोरांना ते सुचणारही नाही. हवामानखात्याचं 'कमी' तर आणखी वेगळं. कमी दाबाचा पट्टा म्हटला की पाऊस जास्त.

ओसरण्याचा खरा अर्थ कोल्हापूर-सांगलीकडे विचारावा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९मध्ये ती ५५ फुटांच्या पुढे गेली होती. त्या दिवसांत सगळा जिल्हा फूट आणि इंचांत बोलत असतो. 'दोन इंचानं उतरलं.' 'रात्रीपासून थांबून आहे.' 'अलमट्टीतनं किती सोडलंय?' इथे उतरणे आणि ओसरणे यांत जीवनमरणाचा फरक आहे. पाणी उतरतं ते बंधाऱ्यावरच्या पट्टीवर. मोजणारा ते फोनवर सांगू शकतो. पूर ओसरतो तो फार नंतर, जेव्हा दार ढकललं तर उघडतं आणि आत गुडघाभर गाळ असतो. पाणी किती उतरलं याचा आकडा रोज छापून येतो. ओसरलं कधी, ते ज्याचं घर त्यानंच ठरवायचं. विसर्ग वाढवता येतो, दरवाजे उघडता येतात, माणसं होडीतून हलवता येतात. पूर ओसरवता येत नाही. तिथे क्रियापदाचा कर्ता पूरच राहतो.

निवळण्याचं यापेक्षा नाजूक. गढूळ पाणी निवळतं. यासाठी आपल्याकडे एक झाडच आहे, निवळी नावाचं, संस्कृतात कतक. त्याची बी सहाणेवर उगाळून किंवा मडक्याच्या आतून घासून पाण्यात सोडली की गाळ तळाशी बसतो. आता हेच काम तुरटी करते: मातीच्या कणांवरचा विद्युतभार ती मारते, मग कण एकमेकांना चिकटतात आणि जड होऊन खाली जातात. पण पाहा, बी आपण घालतो, निवळतं मात्र पाणीच. हात घालून घाई केली तर पुन्हा गढूळ. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात या फळावरून एक टोमणा आहे: कतकाचं फळ पाणी स्वच्छ करतं हे खरं, पण त्याचं नाव घेतल्यानं ते होत नाही. त्या ग्रंथाशी माझे मतभेद पुष्कळ आहेत, पण ही एक ओळ शहरातल्या पाणीपुरवठा विभागाच्या भिंतीवर लावायला माझी हरकत नाही. वर्तमानपत्रांनी हा शब्द गावातल्या तणावाला दिला. 'परिस्थिती नियंत्रणात' हे पोलीस म्हणतात. 'वातावरण निवळलं' हे चहावाला म्हणतो, आणि दुकानाची फळी कधी उघडायची ते लोक दुसऱ्यावरून ठरवतात.

याच्या अगदी उलट टोकाला जिरवणे. हे मराठी माणसाचं लाडकं क्रियापद. जिरणे म्हणजे आत मुरून दिसेनासं होणं: अन्न जिरतं, पाणी जमिनीत जिरतं, घमेंड जिरते. जलसंधारणासाठी सरकारनं 'पाणी अडवा, पाणी जिरवा' अशी घोषणा दिली. बांध घालायचे, चर खणायचे, पावसाचं धावतं पाणी चालायला लावायचं, चालतं थांबवायचं आणि थांबलेलं जमिनीत उतरवायचं. घोषणा इतकी चांगली होती की राजकारणानं ती लगेच उचलली आणि त्यातलं पाणी काढून टाकलं. आता एकमेकांची अडवणं आणि एकमेकांची जिरवणं बारमाही चालतं, दुष्काळातही. 'कशी जिरली!' या दोन शब्दांत जो आनंद आहे तो 'त्याचा अहंकार कमी झाला' या वाक्यात कुणी आणून दाखवावा. जिरली ती कोण, हेसुद्धा सांगावं लागत नाही. नुसती स्त्रीलिंगी क्रिया पुरते.

माणूस स्वतः कमी होतो तेव्हा कोणतं क्रियापद लावायचं, हे त्याच्या हातात नसतं. व्यायामशाळेत वर्षभराचे पैसे भरून, भात सोडून, मी काही किलो बारीक झालो. माझ्या मते 'बारीक'. लग्नकार्यात आत्या भेटली आणि हनुवटीला हात लावून म्हणाली, "अरे, किती उतरलास रे! बरं नव्हतं का?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "वाळलाय नुसता." तिसऱ्या एकीनं 'खंगलाय' काढलं आणि बायकोकडे पाहिलं. बारीक होणं, सडसडीत होणं ही आपली बाजू. उतरणं, वाळणं, सुकणं, रोडावणं, झडणं, खंगणं ही नातेवाइकांची. त्यांची फौज मोठी आहे. उलट पोट वाढलं की ते 'सुटतं', आणि अंगानं भरलेला माणूस 'सुधारलेला' असतो. ज्या मुलुखात दुष्काळ ही ऐकीव गोष्ट नव्हती, तिथे कमी होण्याला चांगला शब्द मिळणं कठीणच होतं.

म्हणूनच काही ठिकाणी आपण कमी होणं तोंडातून काढतच नाही. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटलं तरी ते वाढवलेलंच असतं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. आजी डब्यात मीठ संपलं असं कधी म्हणत नसे. मीठ 'आणायला झालंय' म्हणे. आणि उणावणे या शब्दामागे एक द लावला की दुणावणे होतं, दुपटीनं वाढणं. एका अक्षरात तोट्याचा नफा. हे व्यापाऱ्यांच्या अजून कसं ध्यानात आलं नाही कोण जाणे, कारण बाजाराच्या बातम्यांत क्रियापदांची कमतरता नाही. सोनं 'नरमतं', तेही दहा ग्रॅममागे शेदोनशे रुपयांनी आणि मोठ्या अदबीनं. शेअर घसरतात. कांदा मात्र लासलगावात एकदम कोसळतो किंवा गडगडतो. नरमण्याची चैन कांद्याला परवडत नाही. पिकवणाऱ्यालाही नाही.

राहिली मनाची दुखणी. मूल पडलं, गुडघा फुटला, की आई फुंकर घालते आणि आजूबाजूला चोळते. यात नुसती माया नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक प्रकारचं फाटक असतं आणि स्पर्शाचे निरोप मोठ्या संख्येनं आले की ते वेदनेसाठी लोटलं जातं. त्या सिद्धान्तात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, आईच्या पद्धतीत एकही झालेली नाही. दुःखालाही आपण फुंकरच घालतो, आणि तिथे मराठी फार सांभाळून बोलते. दुःख बोथटतं, हलकं होतं, विरतं. यातलं एकही आपण करत नाही. सांत्वनाला आलेला जाणता माणूस 'दुःख कमी करा' म्हणत नाही. तो बसतो, चहा नको म्हणतो, मग घेतो, आणि गेलेल्या माणसाचा एखादा विक्षिप्तपणा आठवून सांगतो, की घरातलं कुणीतरी रडता रडता हसतं.

रागाला मात्र सगळीच क्रियापदं लागू पडतात आणि कुठलंच पुरेसं नाही. राग गिळतात, आवरतात, धरतात, सोडतात. तो निवळतो, ओसरतो, उतरतो, थंडावतो. राग काढला म्हणजे तो गेला असं समजू नये. काढलेला राग दुसऱ्याच कुणावर तरी पडलेला असतो, बहुधा भांड्यांवर. समजूतही काढतात, पण ती काढल्यावर समोरच्याच्या आत जाते, हा काढणेचा आणखी एक चमत्कार. 'शांत हो' हा आज्ञार्थ व्याकरणात बसतो आणि संसारात बसत नाही. तो उच्चारल्यावर आजवर कुणी शांत झाल्याचं मी पाहिलेलं नाही. 'राग गेला का?' हा प्रश्न तर विचारूच नये, कारण जात असलेला राग दारातून परत फिरतो. आमच्या घरी अशा वेळी मी वर्तमानपत्र उघडतो आणि कुणाला उद्देशून न बोलता म्हणतो, "कांदा परत कोसळला म्हणे."

"मग आणा पाच किलो," स्वयंपाकघरातून येतं, "आणि मागच्या वेळसारखे मोड आलेले नकोत."